उचल

हैदराबाद ते मस्कत, सरळ रेषेत
बावीसशे पंधरा किलोमीटर.
वेळ तीन तास वीस मिनिटं.
श्रीहरीनं मोबाइलवर दाखवलं
आणि बॅग भरायला गेला.

मी विडीच्या लेबलामागं आकडा उतरवून घेतला.
मागवाल्याला मीटर कळतात.
चार माग, मागाला साठ मीटर,
दिवसाला दोनशे चाळीस.
वर्षाचे दिवस तीनशेच धरले
(लाइट गेलेली, सूत न आलेलं,
मार्कंडेयाच्या रथाचा दिवस, सगळं वजा).
वर्षाला बहात्तर किलोमीटर टॉवेल.
अक्कलकोट रोडच्या शेडात तीस वर्षं झाली मला.
एकवीसशे साठ.
पंचावन्न कमी पडतात.
म्हणजे नळदुर्ग ओलांडून जरा पुढं, एवढंच.
नऊ महिन्यांचं काम.

नरसव्वा मांडीवर सूप घेऊन बसलेली,
पान कापता कापता म्हणाली,
मलाही तेवढेच लागले होते, त्याला आणायला.
मग विचारलं, विमान किती वाजता?
दहाला निघतं. तिथं पोचतं अकरा पन्नासला.
तिनं कात्री ठेवली.
रोज हजार विड्या मोजते ती, एक इकडची तिकडं होत नाही.
"तीन तास वीस म्हणलाव न्हवं?
हे तर दोनसुद्धा होईनात.
मधला दीड तास कुणी खाल्ला?"

तिथलं घड्याळ मागं असतं, मी म्हटलं.
दीड तासाची उचल समज.
जाताना हातात देतात,
येताना कापून घेतात.
उचल म्हटल्यावर तिला सगळं कळलं.
फार वेळानं म्हणाली,
आणि आलाच नाही तर?

मंगळवारी गेला तो.
दुपारच्या गाडीनं, वाडीवरून,
सहा तास उगवतीकडं.
मस्कत मावळतीला, आणि पोरगं निघालं उगवतीला.
होटगी रोडला विमानतळ आहे आमच्या,
पण तिथून अजून मस्कत लागत नाही.

दहा वीसला मी गच्चीवर.
मागच्या गल्लीतल्या शेडात रात्रपाळी चाललेली,
कुणीतरी नवखा असावा,
एक माग सारखा अडत होता.
मला माणसांचं नीट ऐकू येत नाही आता,
मागांचं येतं.

विमान वर चढलं की
पंचवीस मिनिटांत आमच्या टप्प्यात येतं म्हणे,
तुळजापूरच्या अंगानं.
सहा तास लावून लांब नेलेलं पोरगं
पंचवीस मिनिटांत घरावरून माघारी.

दहा सव्वीसला एक दिवा सरकला.
तोच असेल असं नाही.
रात्री पुष्कळ दिवे जातात.

तरी उभ्या उभ्या हिशेब लागलाच.
हैदराबादपासून टॉवेल अंथरत आलं तर
इथवर किती वर्षांचा?
चार. चाराला थोडा कमीच.
चौथ्या वर्षी सिव्हिलमधून निरोप आला
तेव्हा मी माग चालू सोडून पळालो होतो.
परत आलो तर दीड हात कापडात ताण सुटलेला,
धोटा अडकलेला,
मुकादमानं बारा रुपये दंड लावला.
मी त्यालाच पेढा दिला पहिला.
हिशेबानं ते खराब कापड
आत्ता इथंच कुठंतरी असणार,
त्याच्या बुडाखाली, अंधारात.

सकाळी फोन आला.
"पप्पा, काय करलालाव?"
काय करणार. डबा भरतोय.
खोली बरी आहे म्हणाला, सहा जण आहेत,
हॉटेलच्या धुलाईत काम, टॉवेलच टॉवेल.
कुठले आहेत बघ, म्हटलं.
बघतो, म्हणाला, आणि बॅलन्स संपला.

नरसव्वानं तिच्या विडीच्या कार्डावर, मागच्या बाजूला,
पेन्सिलनं लिहून ठेवलंय: श्री. १॥ तास.
पुढं काही नाही. वजा नाही, जमा नाही.

मी पहिल्या पाळीला गेलो.
सूत वेळेवर आलं, लाइट गेली नाही.
संध्याकाळी उरलेत
चोपन्न किलोमीटर, सातशे साठ मीटर.